सावली बांधापलीकडं गेली

माझ्या बडबडीनं माझ्या नवऱ्याच्या मेंढरांची सावली घालवली. ही गोष्ट मी आता मोकळेपणानं सांगते, कारण आमच्या घरात ती तशीही रोज सांगितली जाते. पाहुणा आला, चहा झाला, की आमचे मालक कप खाली ठेवून म्हणतात, "हिच्याम्होरं काय बोलू नगा. ही कंपनीला सांगती." मग पाहुणा माझ्याकडं बघतो आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. पाहुण्याच्या हातात कागद दिला की माझा अर्धा दिवस वाचेल.

आमचं घर जतकडच्या माळावर. मी माहेरची फलटणच्या बाजूची. तिकडं ऊस, पाटाचं पाणी, बांधाबांधावर झाडं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मी सासूला विचारलं, "आत्या, इथं दुपारचं बसत्यात कुठं?" सासू म्हणाल्या, "बसायला आणलंय व्हय तुला?" विषय तिथंच संपला. तेव्हापासून मी उभ्यानं काम करायला शिकले आणि उभ्यानंच बोलायलाही. दुसरं जरा जास्तच शिकले, असं मालकांचं म्हणणं.

माळावर मोठं झाड एकच होतं. आमच्या आणि धाकट्या दिराच्या रानामधल्या बांधावरची बाभळ. तिच्या शेंगा कुणाच्या मेंढरांनी खायच्या यावरून दोघा भावांत बोलणं झालं, बोलण्याचं भांडण झालं, आणि एक दिवस बाभळ आडवी झाली. तोडली कुणी, यावर अजून दोघांचं एकमत नाही. लाकूड मात्र दोन्ही चुलींत जळलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. बांधाच्या अल्याड हे, पल्याड ते. अगदीच काही सांगायची वेळ आली तर दोघेही आपापल्या कुत्र्याला सांगायचे, पण मोठ्यानं. "काय रं, उद्या लाईट दुपारची हाय बरं का, मोटर लावायची हाय," असं कुत्र्याला कोण सांगतं? पण आमच्याकडं सांगायचे, आणि कुत्रीही कान टवकारून ऐकायची.

बाभळ गेली तरी मेंढरांचे हाल झाले नाहीत, ते पंख्यामुळं. पवनचक्कीला आम्ही पंखाच म्हणतो. माझा पोरगा शाळेत जायचा तेव्हा माळावर पंखे उभे राहिले. त्यातला एक आमच्याच रानात, घराच्या मावळतीला, बांधापासून जरा अलीकडं. प्रत्येक पंख्याच्या दारावर नंबर रंगवलेला. मी शाळेची पायरी चढलेली नाही. आकडे शिकले ते शेळ्या राखताना त्या दारांवरून. म्हणून मला नव्याण्णवपर्यंत सगळं धडाधड येतं, आणि शंभराच्या पुढं जरा अडखळतं, कारण आमच्या माळावर तेवढे पंखे नव्हते. अक्षरं नंतर पोराच्या पुस्तकावरून शिकले.

साहेब लोक सांगायचे, पंखा वीज देतो. देत असेल. वीज तारेवरून कुठंतरी लांब निघून जायची, तिची आमची ओळख झाली नाही. सावली मात्र इथंच पडायची. गोल लोखंडी खांबाची, बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद आणि लांबच लांब. नवख्या माणसाला ते बघून हसू यायचं. सगळा माळ मोकळा पडलेला, आणि मेंढरं मात्र एका पट्टीत, एकामागं एक, रेशनच्या दुकानापुढं उभी राहिल्यासारखी. पट्टी सरकली की रांग सरकायची. रांगेच्या शेवटाला घोंगडं अंथरून आमचे मालक. तेही सरकायचे. मी घरातनं बघून वेळ सांगायची. मालक मोठ्या दगडाजवळ पोचले की तीन, बोरीच्या झुडपाजवळ पोचले की चहा टाकायचा. वैशाखात भर बाराला सावली खांबाच्या पायाशी गोळा व्हायची. तेवढा वेळ मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहायची. मालकांना ती सोय नव्हती, ते घरी जेवायला यायचे.

पुढं पंखे म्हातारे झाले. अंगावर तेल गळायचं, वारा असूनही कितीतरी दिवस नुसते उभे. मोडलेला भाग मिळत नाही म्हणे, कारण तसले भाग बनायचेच बंद झाले. मी मालकांना म्हटलं, "तुमच्या गुडघ्याचं पण डॉक्टर असंच म्हणला." त्यांनी त्या दिवशी मला भाकरी वाढू दिली नाही, स्वतःच घेतली.

मग एक दिवस शाळेच्या पडवीत सगळ्या गावाला बोलावलं. जुने पंखे काढून नवे उभे करायचे ठरलं होतं. चार काढायचे तिथं एक, पण दुपटीनं उंच. जुन्यांच्या जागा मोकळ्या होणार, त्यांच्याभोवतीच्या वाटा बुजवून परत गवताला सोडणार. नव्याची पाती लय लांब, ती आणायला ओढ्यावर मोरीचा पूल बांधून रुंद रस्ता होणार. शिकलेल्या पोरापोरींना तिथलं काम शिकवणार. गाव सगळ्यात जास्त कशावर खूश झालं, तर रस्त्यावर. आमच्याकडं दुधाचा टेम्पो ओढ्यापर्यंतच यायचा. पुढं कॅन डोक्यावर. पावसाळ्यात अडलेली बाई सुद्धा ओढ्यापर्यंत खाटेवर न्यायला लागायची. त्यामुळं पंखा राहिला बाजूला, बायका मोरीचीच चौकशी करत होत्या.

त्यानंतर पंख्यांच्या कंपनीची एक मुलगी घरोघर फिरायला लागली. सांगलीहून यायची. बारीकशी, डोक्याला रुमाल, पाठीवर पिशवी. हातात कागद घेऊन विचारायची, "आजी, पंख्याचा तुम्हाला काही त्रास होतो का?"

आता हा प्रश्न तिनं मालकांना विचारला असता तर त्यांनी "न्हाई" म्हटलं असतं आणि ती पुढच्या घरी गेली असती. पण मालक मेंढरांमागं होते आणि घरात मी होते.

मी म्हटलं, "तरास कशाचा, बाई. पर दिवस मावळतीला आला की त्या पात्यांची सावली माझ्या भिंतीवरनं फिरती. उजेड, अंधार, उजेड, अंधार. सयपाक करताना वाटतं, कुणीतरी दिवा लावतंय आन् इझवतंय. एकदा त्या नादात आमटीत मीठ दोनदा पडलं. मालकांनी गपचीप खाल्लं, मग हांडाभर पाणी प्यालं."

ती लिहायला लागली. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. मग मी कशाला थांबते. डोळ्यापुढं कशी भोवळ येते ते सांगितलं, कोंबड्या कशा बावचळतात ते सांगितलं. खरं तर कोंबड्यांना काही होत नव्हतं, पण पेन चालू होतं. शेवटी ती म्हणाली, "आजी, बरं झालं सांगितलंत. नवीन जागा ठरवताना आम्ही हे बघू." मी तिला शेंगांची मूठ दिली. दोघी खूश.

सुगी झाली आणि माळावर लाल टोकाच्या खुंट्या उभ्या राहिल्या. त्या दुपारी मालक जेवायला आले ते दारातच बसले. ताटाकडं बघेनात.

"आपला पंखा काढणार," ते म्हणाले.

"त्ये ठावं हाय की. नवा व्हईल तिथंच."

"तिथं न्हाई. खुंटी त्याच्या रानात ठोकलीया. पार वरच्या कोपऱ्यात."

'त्याच्या' म्हणजे धाकट्या भावाच्या. मी बाहेर येऊन बघितलं. दिराचं रान बांधापलीकडं मावळतीला आणि वर उत्तरेला पसरलेलं, आणि खुंटी त्याच्या अगदी उत्तर टोकाला. तिथं उभ्या राहणाऱ्या खांबाची सावली माझ्या भिंतीवर काही येणार नव्हती. पण दिवसभर फिरली तरी ती बांध ओलांडून आमच्या रानातही येणार नव्हती. मला सगळं कळलं होतं, पण त्या दिवशी, नवल म्हणजे, मी गप्प बसले.

यात काय गेलं, ते शहरातल्या माणसाला सांगायला हवं. दुपारची सावली नसली की उन्हाळ्यात मेंढरं राखता येत नाहीत. दुसरी सावली ओढ्याकाठची, जायला तास आणि यायला तास, आणि मालकांचे गुडघे अंगणातनं गोठ्यापर्यंतच कसेबसे नेतात. लोणंदला कारखान्यात कामाला असलेल्या पोराला फोन केला तर तो म्हणाला, "आई, आता विका म्हणावं मेंढरं. किती दिवस करणार?" पोराचं चूक नव्हतं. पण मेंढरं विकली तर हा माणूस काय करणार? चार दिवस पाहुण्याकडं राहिले तरी सकाळी उठून त्यांच्या शेळ्या मोजत बसतात, आणि एक कमी भरली की पाहुण्याला उठवतात.

मालकांच्या हातात एकच गोष्ट होती. नव्या रस्त्याचं वळण आमच्या रानाच्या कोपऱ्यातनं जाणार होतं. एवढं लांब पातं वळवायला तो कोपरा लागणारच होता. मालकांनी सांगून टाकलं, सही करणार नाही.

दोन दिवसांत ती मुलगी आली. बरोबर कागदांची पिशवी. मालक म्हणाले, "आमची सावली द्या आन् वाट घ्या."

मुलगी गोंधळली. "आजोबा, तुम्हाला तर सावलीचा त्रास आहे."

"तरास? सावलीचा?" मालकांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं पाण्याचा त्रास होतो का असं विचारलं.

तिनं पिशवीतनं कागद काढला आणि वाचायला लागली. सायंकाळी घराच्या भिंतीवर पात्यांची सावली, भोवळ, कोंबड्या बावचळतात, आमटीत मीठ दोन वेळा.

"हे कोण बोललं?"

"आजी."

मी चुलीत फुंकणी घालून बसले होते. चूल पेटलेलीच होती. तरी मी फुंकत होते.

मालकांनी माझ्याकडं मान वळवली. मग म्हणाले, "मिठाचं पण सांगितलंस व्हय."

त्या पोरीचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला. म्हणाली, "मी तुमच्यासाठीच भांडून ती जागा हलवली हो. घरावर सावली यायला नको म्हणून." आता परत हलवता येत नव्हती. जमिनीत भोकं पाडून खडक तपासला होता, एका पंख्यापासून दुसरा किती लांब हवा ते ठरलं होतं. आम्हाला जी सावली जीव की प्राण, ती त्यांच्या कागदावर त्रासाच्या रकान्यात होती. तिची काय चूक? सावलीची गरज आहे का, असा रकानाच नव्हता. आणि असता तरी मी तिथंही मिठाचंच सांगितलं असतं.

मालक सहीला तयार होईनात. गावातली चार माणसं येऊन गेली. दुधावाल्या बायका माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायला लागल्या. मोरी आमच्या कोपऱ्यापाशी अडली होती. मालकांना मी एकदा म्हटलं, "आवं, भावजींना इचारून बघूया, त्यांच्या रानातल्या सावलीला..." ते कुत्र्याकडं वळून म्हणाले, "हिला सांग, मी मेलो तरी त्या बांधापल्याड पाय ठिवणार न्हाई." कुत्र्यानं मला सांगितलं नाही, पण मला कळलं.

मग मीच गेले. विरजण मागायच्या निमित्तानं. आम्हा जावांचं बोलणं कधी तुटलं नव्हतं, विहिरीवर सगळं चालायचं. जाऊ गोठ्यात होती. भावजी ओट्यावर बसून चातीवर लोकर कातत होते. चाती म्हणजे आमची सूत काढायची लाकडी फिरकी. गड्याच्या मांडीवर ती फिरत असली की गडी रिकामा आहे असं कुणी म्हणत नाही.

"दादानं धाडलं व्हय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"त्यांना ठावं बी न्हाई."

"मग बसा, वैनी."

मी बसले. "तुमच्या रानात पंखा येणार. त्याची सावली पडणार."

"पडंल की. मी काय डब्यात भरून ठिवणार न्हाई."

"तिथं आमची मेंढरं..."

चाती थांबली. "वैनी, मेंढरांस्नी मी कवा न्हाई म्हणलो? म्हाताऱ्याला म्हणलो."

"आन् मेंढरांमागनं म्हातारा आला तर?"

"आला तर आला. मेंढरं काय एकटी येणार?" चाती पुन्हा फिरायला लागली. जरा वेळानं म्हणाले, "माझ्या रानाला लेंडीखत पडून किती वर्सं झाली, ठावं हाय? बाभळ हुती तवा दादाचा कळप बसायचा."

भावजींनी स्वतःची मेंढरं कधीच विकली होती. तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी विचारलं, "भावजी, मग ही लोकर कुठली?"

त्यांनी चाती जोरात फिरवली. जाऊ गोठ्यातनं म्हणाली, "तुमच्याच मेंढरांची हाय. बांधाच्या काट्याला अडकती ती येचून आणत्यात. सकाळधरनं दुसरा धंदा काय हाय त्यांना."

"तू शेण काढ," भावजी म्हणाले.

विरजण घ्यायचं विसरून मी घरी आले. आता इथं मी थोडं इकडचं तिकडं केलं, ते कबूल करते. मालकांना म्हटलं, "भावजी म्हणत हुते, रान खतावाचून वाळून चाललंय. दादाचा कळप दोन रात्री बसला तर उपकार व्हतील."

"उपकार म्हणला?"

"व्हय."

"त्यो म्हणला का तू म्हणलीस?"

"थोडं त्यांनी, थोडं मी."

मालक भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसले. "काय करीत हुता?"

"लोकर कातत हुते."

"इकत आणली आसंल."

मी सांगितलं लोकर कुठली ते. तेवढंच मी जसंच्या तसं सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. मालक उठून अंगणात गेले आणि कुत्र्याला मोठ्यानं म्हणाले, "काय रं, त्या पोरीला म्हणावं कागद घिऊन ये." बांधापलीकडं खोकल्याचा आवाज आला.

त्या थंडीत आमचा पंखा उतरवला. मोठी क्रेन आली, आधी पाती काढली, मग डोकं, मग खांबाचे तुकडे. खांब गेला त्या दुपारी मेंढरं सवयीनं त्याच पट्टीत रांग लावून उभी राहिली, चक्क उन्हात. मालक लय हसले. पण तेही सवयीनं मोठ्या दगडाजवळच बसले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या एका वर्षात मी दोनदा गप्प बसले, एवढी नोंद असू द्या.

पुढं नवं पातं आलं. तोंड आमच्या कोपऱ्यात आणि शेपूट अजून मोरीवर, असला तो लांबडा ट्रेलर. सगळं गाव जत्रेसारखं जमलं. मोरीवरनं आता दुधाचा टेम्पो दारात येतो. जुन्या पंख्याच्या जागी दुसऱ्या पावसाला गवत आलं. भावजींची नात कंपनीत काम शिकून आता त्या नव्या पंख्यात चढते, आणि तिची आजी तेवढा वेळ खाली मान घालून बसते, वर बघत नाही.

पण मला सांगायचंय ते पहिल्या उन्हाळ्याचं. चैत्रातली दुपार होती. नव्या खांबाची सावली पडली. काय सावली होती, आमच्या जुनीच्या दुप्पट लांब. मेंढरांना बांध काय ठाऊक. ती सरळ पलीकडं गेली आणि रांग लावून उभी राहिली. मालक बांधापर्यंत गेले आणि अल्याड थांबले. उन्हात, डोक्यावर घोंगडं घेऊन. पलीकडं सावलीच्या टोकाला भावजी चाती घेऊन बसलेले. मी दारातनं बघत होते.

भावजी आपल्या कुत्र्याला म्हणाले, "काय रं, ऊन लागत न्हाई का काय दादाला?"

मालक आपल्या कुत्र्याला म्हणाले, "त्याला सांग, बोलावल्याबिगर आमी कुणाच्या रानात जात न्हाई."

दोन्ही कुत्री उठली, बांध ओलांडून पलीकडं गेली आणि सावलीत शेजारी शेजारी जाऊन पडली. आता सांगायला कुणी उरलं नाही. भावजींनी जरा वेळ चाती फिरवली, आणि मग मान वर करून म्हणाले, "ये की."

मालक गेले. बांध चढताना गुडघा अडला, तेव्हा भावजींनी बसल्या जागेवरनं काठी पुढं केली. पुढं काय बोलले ते मला इतक्या लांबनं ऐकू आलं नाही. मला वाटतं काही बोललेच नाहीत. सावली सरकली की दोघे सरकायचे, एवढंच दिसत होतं.

माझ्या भिंतीवर आता उजेड-अंधार होत नाही. पण त्याबरोबर घड्याळही गेलं. मोठा दगड नाही, बोरीचं झुडूप नाही. चहा कधी टाकायचा ते कळत नाही, तो कधी लवकर होतो, कधी उशिरा. म्हणून मी किटली घेऊन तिथंच जाते.

परवा ती सांगलीची मुलगी पुन्हा आली, नवा कागद घेऊन. आम्ही तिघं सावलीत बसलो होतो. तिनं विचारलं, "आजी, नवीन पंख्याचा काही त्रास?"

मी तोंड उघडणार, तोच दोघे भाऊ एकदम म्हणाले, "न्हाई."

बाभळीपासून पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मुलीनं हसू दाबत तसं लिहिलं आणि गेली. मी पदर सावरून चहा ओतला. मालकांनी कप घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोलायचं आसंल तर आमास्नी बोल. कंपनीला नगं."

मग मी सांगत बसले. घड्याळाचं, चहाचं, नव्या पंख्याचा आवाज कसा कुणीतरी सुस्कारे टाकल्यासारखा येतो ते. माझं होईपर्यंत तिघांना दोनदा सरकावं लागलं.